फरवस्त्रे, जुनी

केसांसह कमावलेल्या प्राण्यांच्या कातड्यांपासून पूर्वी तयार झालेली आणि आज मूळ मालकाच्या, त्याच्या वारसांच्या किंवा संग्राहकांच्या ताब्यात असलेली वस्त्रे. लांब कोट, आखूड अंगरखे, गळपट्टे, टोप्या, हातमोजे, कोटाच्या गळ्याला व बाह्यांना लावलेल्या पट्ट्या, अंथरावयाची कातडी इत्यादींचा त्यांत समावेश होतो. फरच्या नव्या उत्पादनाविषयी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य समाजाचे मत पुष्कळ पालटले. तथापि मत पालटले, तरी कपाटातील वस्त्र नाहीसे होत नाही. आजीचा कोट नातीकडे येतो. तिला तो घालावासा वाटत नाही, विकणे प्रशस्त वाटत नाही आणि फेकून देणेही मनाला पटत नाही. अशा वस्त्राचे नीतीला धरून काय करावे, हा प्रश्न यातून निर्माण झाला. त्याला प्राणिनीती, कायदा, परिसरविज्ञान, वस्तुसंरक्षण आणि समाजसेवा अशा अनेक बाजू आहेत.

फरची रचना व टिकाऊपणा : सस्तन प्राण्यांच्या लोमावरणात सामान्यतः दोन प्रकारचे केस असतात. बाहेरचे लांब, ताठ व चकचकीत संरक्षक केस पाणी व धूळ अडवितात, तर त्यांच्या खालचे आखूड, मऊ व दाट अंतर्लोम हवा धरून ठेवून शरीराची उष्णता राखतात. बीव्हर, मिंक, सेबल, खोकड, सील, पाणमांजर आणि चिंचिला यांची फर या दाट अंतर्लोमामुळेच मौल्यवान ठरली. पूर्ण लांबीच्या एका मिंक कोटासाठी सु. पन्नास ते साठ प्राण्यांची कातडी लागतात. चिंचिला आकाराने लहान असल्यामुळे तिच्या कोटासाठी शंभराहून अधिक लागतात.

कातडी तुरटी, मीठ, तेल किंवा क्रोमियमची लवणे यांनी कमावितात. चांगल्या रीतीने जपलेले वस्त्र अनेक दशके टिकते. मात्र कमावण्याच्या द्रव्यांतील आम्लाचा परिणाम, उष्णता व कोरडी हवा यांमुळे कातडे कालांतराने ठिसूळ होते. केस वरवर तजेलदार दिसत असतानाही आतील कातडे कागदासारखे फाटू लागते. कपड्यांवरील कसर व गालिचाभुंगे यांच्या अळ्या केस व कातडे दोन्ही खातात. म्हणून जुन्या वस्त्राचा कोणताही विनियोग ठरविण्यापूर्वी अस्तर उसवून कातड्याची लवचिकता पाहणे, ही पहिली पायरी होय.

वस्त्र खऱ्या फरचे आहे की कृत्रिम, हेही निश्चित करावे लागते. खऱ्या फरचे केस कातड्यातून उगवलेले दिसतात व टोकाकडे निमुळते होत जातात. कृत्रिम फरचे तंतू विणलेल्या कापडात गुंतविलेले असतात. उपटलेले एक-दोन केस जाळून पाहिल्यास खऱ्या केसांना जळक्या केसांचा वास येतो, तर कृत्रिम तंतू वितळून त्यांची कठीण गुठळी होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : अतिशीत प्रदेशांत फर हे चैनीचे नव्हे, तर जगण्याचे साधन होते. इन्युइट व सायबीरियातील जमातींनी सील, रेनडियर इ. प्राण्यांच्या कातड्यांपासून जी वस्त्रे बनविली, त्यांत प्राण्याचा बहुतेक प्रत्येक भाग उपयोगात येई. व्यापारी फरचा इतिहास यापेक्षा निराळा आहे. बीव्हरच्या केसांच्या नमद्याच्या टोप्यांना यूरोपात मोठी मागणी होती व तीमुळे उत्तर अमेरिकेतील फर व्यापार वाढला. हडसन्स बे कंपनीला १६७० मध्ये इंग्लंडच्या राजाकडून सनद मिळाली. रशियाचा सायबीरियातील विस्तारही बव्हंशी सेबलच्या शोधात झाला आणि तेथील जमातींकडून कर फरच्या रूपाने वसूल केला जाई. बेरिंगच्या १७४१ मधील मोहिमेनंतर उत्तर पॅसिफिकमधील समुद्री पाणमांजरांची प्रचंड शिकार सुरू झाली. अमेरिका, रशिया, जपान व (कॅनडाच्या वतीने) ग्रेट ब्रिटन यांच्यात १९११ मध्ये संरक्षक करार झाला, तोपर्यंत हा प्राणी जवळजवळ निर्वंश होण्याच्या अवस्थेला आला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर रुपेरी खोकडांची पैदास यशस्वी झाली. पुढे पिंजऱ्यांतील मिंक हाच फर उद्योगाचा मुख्य आधार बनला.

फॅशनचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, याचे उदाहरण १९६०–७० या दशकात दिसले. जॅक्लीन केनेडी यांनी १९६२ मध्ये बिबळ्याच्या कातड्याचा कोट परिधान केल्यावर ठिपकेदार मार्जारकुलातील प्राण्यांच्या कातड्यांची मागणी एकाएकी वाढली. त्या कोटाचे अभिकल्पक ओलेग कॅसिनी यांनी पुढे त्याबद्दल खेद व्यक्त केला व कृत्रिम फरचा पुरस्कार केला. आज वारशाने मिळणाऱ्या जुन्या कोटांपैकी काही याच काळातील आहेत.

निर्बंध : वन्य प्राणी व वनस्पती यांच्या संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीचा करार (साइटीझ) वॉशिंग्टन येथे ३ मार्च १९७३ रोजी झाला व १ जुलै १९७५ पासून अंमलात आला. त्याच्या पहिल्या परिशिष्टातील जातींचा व्यापारी व्यवहार सामान्यतः निषिद्ध आहे. करार लागू होण्यापूर्वी मिळविलेल्या वस्तूंना त्यात काही सवलती आहेत, परंतु वस्तू तितकी जुनी असल्याचा दाखला मालकालाच मिळवावा लागतो. कोट घालून सीमा ओलांडणाऱ्या प्रवाशाला याची जाणीव नसेल, तर वस्त्र जप्त होण्याचा संभव असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सागरी सस्तन प्राणी व संकटग्रस्त जाती यांच्या संरक्षणाचे कायदे अनुक्रमे १९७२ व १९७३ मध्ये झाले. यूरोपीय संघाने मांजर व कुत्रा यांच्या फरच्या व्यापारावर २००८ च्या अखेरपासून बंदी घातली.

पिंजऱ्यातील पैदासीविरुद्धही कायदे झाले. ब्रिटिश संसदेने २००० मध्ये केलेल्या कायद्यानुसार इंग्लंड व वेल्समध्ये १ जानेवारी २००३ पासून फरसाठी प्राणी पाळणे बंद झाले. कोव्हिड–१९ च्या साथीत मिंकना विषाणूची बाधा झाल्यामुळे डेन्मार्कमध्ये २०२० साली दीड कोटीहून अधिक मिंक मारण्यात आले, तर नेदर्लंड्सने आपली नियोजित बंदी अलीकडे आणली. भारताने जानेवारी २०१७ मध्ये मिंक, खोकड व चिंचिला यांच्या कातड्यांची आयात बंद केली. कॅलिफोर्निया राज्यात २०१९ मध्ये संमत झालेला व २०२३ पासून लागू झालेला कायदा नव्या फरच्या विक्रीला मनाई करतो, पण वापरलेल्या फरला त्यातून वगळतो. जुनी फर व नवी फर यांत कायद्यानेच भेद केल्याचे हे ठळक उदाहरण होय.

नैतिक विचारपक्ष : जुन्या फरविषयी मुख्यतः तीन भूमिका आढळतात. पहिली परिणामवादी म्हणता येईल. प्राणी मरून गेला आहे; वस्त्र न वापरल्याने तो परत येणार नाही. उलट ते वापरल्यास नव्या कोटाची, मग तो फरचा असो वा लोकरीचा वा खनिज तेलापासून बनविलेल्या तंतूंचा, गरज टळते, म्हणून वापर हाच योग्य मार्ग होय, असे तिचे समर्थक मानतात. या युक्तिवादात तथ्य आहे, परंतु त्यात एक उणीव राहते. वस्त्र हे केवळ ऊब देत नाही, ते इतरांशी बोलतेही. रस्त्यावरून जाणाऱ्याला कोट आजीचा आहे की कालच विकत घेतलेला आहे, हे कळत नाही. त्याला फक्त फर प्रतिष्ठित असल्याचे दिसते. ही दृश्य मान्यता नव्या मागणीला पोषक ठरू शकते.

दुसरी भूमिका निषेधवादी आहे. तिच्या मते, अन्यायातून निर्माण झालेली वस्तू उपभोगणे हा त्या अन्यायाला दिलेला उशिरा का होईना, पण होकारच आहे. म्हणून वस्त्र वापरातून काढून टाकले पाहिजे. या भूमिकेत सुसंगती असली, तरी वस्त्र काढून टाकल्यानंतर त्याचे काय करावयाचे, याचे उत्तर ती स्वतः देत नाही. कचऱ्याच्या ढिगावर गेलेला कोट कोणाचेच भले करीत नाही.

तिसरी भूमिका ऋणाची आहे. ज्या प्राण्यांच्या जिवावर हे वस्त्र बनले, त्यांचे ऋण वस्त्राच्या मालकावर आहे. ते मालकाच्या शोभेने नव्हे, तर कोणाच्या तरी खऱ्या गरजेच्या पूर्तीने फेडले जावे, असे ती सांगते. येथे ‘वापरावे की टाकावे’ याऐवजी ‘कोणासाठी वापरावे’ असा प्रश्न उपस्थित होतो. प्रत्यक्ष व्यवहारात रूढ झालेले बहुतेक मार्ग या तिसऱ्या भूमिकेशी जुळतात.

वस्त्राच्या इतिहासातील अन्याय केवळ प्राण्यांपुरताच असेल, असेही नाही. जर्मनव्याप्त पोलंडमध्ये डिसेंबर १९४१ मध्ये वॉर्सा व इतर घेट्टोंतील ज्यूंना त्यांची सर्व फरवस्त्रे सक्तीने जमा करावी लागली व आज्ञाभंगाला मृत्युदंडाची शिक्षा होती. ही वस्त्रे पूर्व आघाडीवर थंडीने गारठलेल्या जर्मन सैन्याच्या उपयोगासाठी होती. म्हणून त्या काळातील यूरोपीय फरवस्त्र हाती आल्यास ते कोणाकडून, केव्हा व कसे आले, याची चौकशी हाही नैतिक कर्तव्याचा भाग ठरतो.

विनियोगाचे मार्ग : (१) स्वतः वापर चालू ठेवणे. नवे न घेता जुने झिजवावे, असा हा मार्ग आहे. ब्रिटनच्या राजवाड्यातून २०१९ मध्ये असे जाहीर झाले, की राणी दुसरी एलिझाबेथ यांच्या नव्या पोशाखांत कृत्रिम फर वापरली जाईल. मात्र अस्तित्वात असलेल्या पोशाखांवरील फर काढून टाकली जाणार नाही. पुढे २०२४ मध्ये राणी कॅमिला याही नवी फर घेणार नाहीत, असे स्पष्ट करण्यात आले. दृश्य मान्यतेचा आक्षेप टाळण्यासाठी काही जण फर बाहेर न दिसता कोटाच्या आत अस्तर म्हणून लावून घेतात.

(२) पुनर्विक्री. वापरलेल्या फरची विक्री अनेक देशांत कायदेशीर आहे. परंतु जुन्या मालाला चांगली किंमत येते, हे दिसल्याने नव्या मालाची खरेदीही सुरक्षित गुंतवणूक वाटू लागते. हा दोष अंशतः दूर करण्यासाठी विक्रीची रक्कम वन्य जीवांच्या संरक्षणाला देण्याचा मार्ग काहींनी अवलंबिला आहे. संकटग्रस्त जातींच्या फरबाबत मात्र हा मार्ग सर्वस्वी वर्ज्य होय; कारण जुन्या मालाचा कायदेशीर बाजार हा चोरट्या शिकारीच्या नव्या मालाला लपण्याची जागा ठरतो.

(३) गरजूंना दान. प्राण्यांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या ‘पेटा’ या संस्थेने लोकांनी सोडून दिलेले फरकोट बेघरांना व अफगाणिस्तानसारख्या देशांतील थंडीने पीडित लोकांना वाटले आहेत. फरचा उपभोग घेण्याचे समर्थन ज्याला कडाक्याच्या थंडीत दुसरे साधन नाही त्यालाच करता येते, अशी त्यामागील विचारसरणी आहे. या मार्गात घेणाऱ्याचा मान राखणे अगत्याचे असते. आपल्याला नैतिक दृष्ट्या नकोशी झालेली, फाटकी वा किडलेली वस्तू दरिद्री माणसाला देणे म्हणजे दान नव्हे. वस्त्र स्वच्छ, धड व स्थानिक हवामानाला योग्य असावे. घेणाऱ्याला ते नाकारण्याचीही मोकळीक असावी.

(४) अनाथ वन्य पिलांसाठी ऊब. अमेरिकेतील ह्यूमेन सोसायटीच्या ‘कोट्स फॉर कब्ज’ या मोहिमेत व बॉर्न फ्री यूएसए या संस्थेच्या तशाच उपक्रमात जुनी फर गोळा करून वन्य प्राण्यांच्या शुश्रूषा केंद्रांकडे पाठविण्यात आली. आई गमावलेल्या रॅकून, खार, कोल्हा इ. प्राण्यांची पिले फरच्या तुकड्याला बिलगून झोपतात, त्यांना ऊब मिळते व त्यांची अस्वस्थता कमी होते. यासाठी वस्त्रावरील गुंड्या, आकडे, अस्तर व सैल धागे काढून टाकावे लागतात. जुन्या वस्त्रांवर कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या किंवा डीडीटीसारखी द्रव्ये वापरलेली असण्याचा संभव असतो. अशी फर पिलांना देणे धोक्याचे असल्यामुळे केंद्राशी आधी विचारविनिमय करणे जरूर असते.

(५) संग्रहालये व शिक्षण. एखाद्या कालखंडाचे, जातीचे किंवा शिवणकलेचे वैशिष्ट्य दाखविणारे वस्त्र संग्रहालयास देता येते. तेथे ते स्वतंत्र पिशवीत बंद करून काही दिवस गोठणबिंदूच्या बरेच खाली ठेवतात व त्यामुळे कीटक मरतात. नंतर ते थंड, मध्यम आर्द्रतेच्या व अंधाऱ्या जागी सांभाळतात. जप्त केलेली कातडी सीमाशुल्क व वन खात्यांतील कर्मचाऱ्यांना ओळख पटविण्याच्या प्रशिक्षणासाठीही उपयोगी पडतात.

(६) रूपांतर. कातडे धड असेल, तर कोटापासून टोप्या, हातमोजे, उशांचे अभ्रे इ. वस्तू बनविता येतात. कॅनडात जुन्या कोटांपासून नव्या वस्तू बनविण्याचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला आहे. दृश्य मान्यतेचा आक्षेप येथेही लागू होतो. मात्र नवी कातडी लागत नाहीत.

(७) विसर्जन. कातडे ठिसूळ झाले असल्यास वस्त्र पुरणे हा शेवटचा उपाय होय. वनस्पतिज द्रव्ये, तुरटी किंवा तेल यांनी कमावलेली फर अस्तर काढून पुरल्यास हळूहळू कुजते. क्रोमियमने कमावलेली फर फार सावकाश कुजते व तिच्यातील धातू मातीत राहतो. म्हणून ती बागेतील खतात मिसळू नये.

तिबेटी समाजाचे उदाहरण : जुन्या फरच्या विनियोगाचा सर्वांत लक्षणीय सामुदायिक प्रसंग तिबेटी समाजात घडला. सणासुदीच्या तिबेटी पोशाखाला वाघ, बिबळ्या व पाणमांजर यांच्या कातड्यांच्या पट्ट्या लावण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या अखेरीस हाती पैसा खेळू लागल्यावर अधिक वाढली. ही कातडी मोठ्या प्रमाणावर भारतातून चोरट्या मार्गाने जात. याच सुमारास, २००४-०५ मध्ये, राजस्थानातील सारिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नसल्याचे उघडकीस आले. आंध्र प्रदेशातील अमरावती येथे जानेवारी २००६ मध्ये भरलेल्या कालचक्र सोहळ्यात दलाई लामा यांनी वन्य प्राण्यांची कातडी वापरण्याच्या प्रथेबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. तिबेटमधून आलेल्या यात्रेकरूंनी हा संदेश घरी नेला आणि काही आठवड्यांतच तिबेटी प्रदेशांत ठिकठिकाणी लोकांनी आपले मौल्यवान पोशाख चौकात आणून त्यांची होळी केली. त्यांतील कित्येक पोशाखांत कुटुंबाची वर्षानुवर्षांची बचत गुंतलेली होती. त्यानंतरच्या काळात मेळ्यांतून व्याघ्रचर्माचे पोशाख पुष्कळच कमी झाल्याचे निरीक्षकांना आढळले.

केवळ उपयुक्ततेच्या दृष्टीने पाहता जाळणे हा अपव्यय वाटेल. परंतु येथे प्रश्न ऊब देणाऱ्या वस्त्राचा नसून प्रतिष्ठेच्या चिन्हाचा होता. चिन्ह दान केले असते, तर ते चिन्हच राहिले असते. ते नष्ट केल्यानेच त्याची प्रतिष्ठा संपली. जुनी कातडी कोणाच्याही उपयोगी पडली नाहीत, पण जिवंत वाघांच्या कातड्याची किंमत कमी होण्यास हातभार लागला. जुन्या फरचे काय करावे, याचे उत्तर ती कोणत्या प्राण्याची आहे व समाजात तिला कोणता अर्थ आहे यांवर अवलंबून असते, हे या प्रसंगावरून स्पष्ट होते.

भारतातील स्थिती : उष्ण हवामानामुळे भारताच्या बहुतेक भागांत फरवस्त्रांचा प्रसार झाला नाही. काश्मीर व हिमालयाचा परिसर हा त्याला मुख्य अपवाद असून श्रीनगर येथे फरच्या वस्तू बनविण्याचा धंदा दीर्घ काळ चालत होता. चिरू या तिबेटी हरिणवर्गीय प्राण्याच्या केसांची शाहतूश शाल हीही याच प्रश्नाच्या कक्षेत येते. केस मिळविण्यासाठी प्राणी मारावा लागतो व एका शालीसाठी सु. तीन ते पाच चिरू बळी पडतात. पश्मिना मात्र पाळीव शेळीच्या केस विंचरून मिळणाऱ्या लोकरीची असते. आईने मुलीला दिलेली शाल अंगठीतून आरपार जाते, हे कौतुकाने सांगितले जाते. त्या तलमपणाची ही किंमत होय.

महाराष्ट्रात फरकोटांपेक्षा व्याघ्रचर्म, बिबळ्याचे कातडे व मृगाजिन जुन्या घरांत अधिक आढळतात. काही शिकारीच्या काळातील असतात, तर काही आसन म्हणून वापरलेली असतात. त्यांना वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. संरक्षित प्राण्यांपासून बनलेली वस्तू बाळगण्यासाठी मालकी प्रमाणपत्र आवश्यक असते. जुन्या अघोषित वस्तू जाहीर करण्याची संधी २००३ मध्ये मर्यादित मुदतीसाठी देण्यात आली होती. प्रमाणपत्र असले, तरी अशी वस्तू विकता येत नाही. वारशाने ती मिळाल्यास वारसाने नव्वद दिवसांच्या आत मुख्य वन्य जीव रक्षकाकडे घोषणा करावयाची असते. अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, प्रमाणपत्रधारकास वस्तू जवळ ठेवावयाची नसेल, तर पूर्वसूचना देऊन ती मुख्य वन्य जीव रक्षकाच्या स्वाधीन करता येते. ती शासनाची मालमत्ता होते व तिचा मोबदला मिळत नाही. अशा कातड्याचे दान, रूपांतर किंवा परस्पर विल्हेवाट यांपैकी कोणताही मार्ग सद्‌हेतूनेही अनुसरू नये. येथे नीती व कायदा एकाच दिशेने जातात.

कृत्रिम फर : जुनी फर टाकून कृत्रिम फर घ्यावी, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. ही फर मुख्यतः ॲक्रिलिक, मोडॲक्रिलिक व पॉलिएस्टर तंतूंची असते. तिच्यासाठी प्राणी मारावा लागत नाही, ही तिची निर्विवाद बाजू आहे. परंतु ती खनिज तेलापासून बनते, धुताना सूक्ष्म प्लॅस्टिक तंतू पाण्यात सोडते व सहसा कुजत नाही. म्हणून धड असलेले जुने वस्त्र कचऱ्यात टाकून नवे कृत्रिम वस्त्र घेणे, हा प्रश्नाचा उलगडा नसून त्याचे स्थलांतर होय.

समालोचन : वरील विवेचनावरून जुन्या फरवस्त्राच्या मालकाला पुढील क्रम मार्गदर्शक ठरू शकेल. प्रथम प्राण्याची जात ओळखावी. ती संरक्षित असल्यास कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याशिवाय अन्यत्र जाऊ नये. ती संरक्षित नसल्यास वस्त्राचा इतिहास व अवस्था तपासावी. धड वस्त्र थंडीने पीडित माणसाच्या, मोडकळीस आलेले पण विषारी द्रव्यांपासून मुक्त वस्त्र पोरक्या पिलांच्या व ऐतिहासिक मोलाचे वस्त्र संग्रहालयाच्या उपयोगी पडावे. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर ते पुरावे. यांतील कोणताही मार्ग मेलेल्या प्राण्यांची भरपाई करीत नाही आणि तसा दावाही कोणी करू नये. मागे झालेली हानी भरून काढता येत नसली, तरी तीच हानी पुन्हा होण्यास आपले वस्त्र निमित्त होऊ नये, एवढी दक्षता प्रत्येक मालकाला घेता येते.